पूजेत बसलेली पुस्तकं

अप्पा पूजा काढायला तयार नाहीत, ही बातमी सुनीतीला कळली तेव्हा ती गोडभाताचा पाक बघत होती. पाकाजवळ उभ्या असलेल्या बाईला वाईट बातमी सांगू नये, एवढं साधं शहाणपण श्रीवत्सला कधी येणार होतं कोण जाणे. तो आला, फ्रीजला टेकला आणि म्हणाला, "अप्पा येत नाहीत म्हणतात. लायब्ररीत. पूजा काढणार नाही म्हणतात."

"म्हणजे? आज दसरा. आज नाही काढायची तर कधी?"

"कधीच नाही."

पाक पुढे गेला. आता त्यात भात घातला असता तर खडीसाखर झाली असती. सुनीतीने गॅस बंद केला आणि नवऱ्याकडे नुसतं बघत राहिली.

सांगलीहून लग्न होऊन ती वेस्ट मांबलमच्या या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरात आली, तेव्हा तिलाही या मुलखाची रीत ठाऊक नव्हती. इथे नवमीला पुस्तकं सरस्वतीपुढे रचून ठेवतात, वर पांढरं वस्त्र घालतात आणि मग कुणी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तरी नाही. पोरांचा हा सगळ्यात लाडका सण का, ते वेगळं सांगायला नको! दशमीला सकाळी, ज्याने पुस्तकं ठेवली त्यानेच दिवा ओवाळायचा, दोन्ही हातांनी ती उत्तरेकडे जराशी सरकवायची, की पूजा उतरली. मग ज्याने त्याने एखादं पान तरी वाचायचं. तोवर पुस्तक हे पुस्तक नसतं, देव असतं. आणि देवाला कोण उचलणार?

कॉलेजच्या लायब्ररीतली ही पूजा आधी तुळजाजीरावांनी केली, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, अप्पांनी. दोघंही तिथले ग्रंथपाल. अप्पा निवृत्त झाले तरी नवमीला कॉलेजची गाडी त्यांना न्यायला यायची. काल शेवटची आली. आजपासून त्या लाल विटांच्या इमारतीत काम सुरू व्हायचं होतं. पुस्तकं हलवायची आणि उंच छताच्या त्या वाचनालयाचं 'स्टुडंट हब' करायचं: बसायला पायऱ्या, चर्चेची टेबलं, जागोजागी प्लग, लॉकर, कॉफी. वरच्या मजल्यावर शांत खोली आणि राहतील तेवढी पुस्तकं. नकाशे सुनीतीचे होते. आर्किटेक्ट म्हणून तिच्या एकटीच्या नावावरचं हे पहिलंच मोठं काम.

काल अप्पांनी एक गोष्ट वेगळी केली होती आणि ती कुणाच्या लक्षातच आली नाही. दरवर्षी टेबलावर मावतील तेवढीच पुस्तकं पूजेला असायची. काल त्यांनी गंधाची वाटी घेतली आणि भिंतीकडेने चालत एकेका कपाटाला चंदन-कुंकू लावत गेले. खालचा मजला झाला, मग लोखंडी जिना धरून वरचा. शिपाई मागे स्टूल घेऊन फिरत होता. सुनीतीने तर मोबाइलवर फोटोही काढला, किती छान दिसतंय म्हणून. अख्खी लायब्ररी त्यांनी पूजेत बसवली होती.

बाहेरच्या खोलीत मंडळी जमलेली होतीच. नणंद श्रीदेवी अंबत्तूरहून मुलीला घेऊन आली होती. ती मुलगी, श्रीनिधी, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. कामाक्षी अत्ते, अप्पांची धाकटी बहीण, खालच्या मजल्यावरच राहायच्या. पोंगलपासून भावाशी त्यांचा अबोला होता. कारण काय, तर लायब्ररीबद्दल "ती कबुतरांची वखार एकदाची पाडून टाका" असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत, धोतरासारखी पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, तयार होऊन बसलेले. चपलाही घातलेल्या. म्हणजे जायला निघाले होते आणि बसून राहिले होते.

"अप्पा, मुहूर्त टळतोय," श्रीदेवी म्हणाली. "मी ऑफिसातून लीव्ह घेतलीय यासाठी."

"मग घरीं जेव आणि जा."

"अप्पा!"

"मी कोणाला अडवलें आहे? करा तुम्ही काय तें. पूजा मात्र माझ्याच्यानें उतरायची नाहीं."

श्रीवत्सचा फोन वाजला. कंत्राटदार नारायणस्वामी. श्रीवत्सने स्पीकर लावला आणि नारायणस्वामी तमिळमध्ये काय सांगतोय ते सगळ्यांनी ऐकलं. माणसं येऊन उभी आहेत, कोहळा फोडून झाला, कापूर लावून झाला, टेम्पो दारात आहेत. पण एकही माणूस कपाटाला हात लावायला तयार नाही. कपाटावर कुंकू आहे, पूजेतलं आहे, आमची पोरंबाळं आहेत सार. मोठे सार येऊन एकदा सरकवू देत, मग बघा, संध्याकाळपर्यंत रिकामं करून देतो.

"मी येतो," श्रीवत्स म्हणाला. "मी काढतो पूजा. मी मुलगा आहे त्यांचा."

"ठेवणारानें उतरायची," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हें तुला ठाऊक आहे."

श्रीनिधी आतापर्यंत सोफ्याच्या हातावर बसून नखं कुरतडत होती. तिचं मराठी म्हणजे चार शब्द मराठी, मधे इंग्रजी, शेवटी तमिळ. पण ती आजोबांसमोर जमिनीवर येऊन बसली. "ताता, ऐका ना. आम्हाला बसायला जागाच नाही. लंचला आम्ही सायकल स्टँडमध्ये बसतो. लायब्ररीत तीन प्लग आहेत, त्यातला एक शॉक देतो. आणि मागच्या पावसात हिस्टरीची सगळी रॅक भिजली. तुम्ही स्वतः आला होता. एकेक पान पंख्याखाली वाळवलं आपण. आता पुन्हा पाऊस येणार, त्याआधी बुक्स काढायला नकोत?"

"आठवतें मला."

"मग?"

अप्पांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझें बरोबर आहे, कण्णा. सगळें बरोबर आहे."

आता बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? श्रीदेवीने दोन्ही हात वर केले. श्रीवत्स येरझाऱ्या घालायला लागला. आणि इतक्यात कामाक्षी अत्ते, ज्यांनी पोंगलपासून भावाला सरळ हाक मारली नव्हती, त्या उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"पोदुम," त्या म्हणाल्या. पुरे झालं. "सगळे मिळून म्हाताऱ्याला घेरतां काय? त्याला नको तर नको."

"अत्ते, तुम्हीच म्हणत होता ना पाडून टाका?" श्रीवत्स म्हणाला.

"मी म्हणीन. मी बहीण आहे त्याची. तूं म्हणायचें नाहीं."

हे गणित अत्तेंनाच ठाऊक! पण त्यांच्या उभं राहण्याने बाजू फिरली. श्रीदेवी गप्प झाली, श्रीनिधीही. एकटा श्रीवत्स पडला, आणि एकट्या पडलेल्या माणसाच्या तोंडून जे निघू नये तेच निघतं.

"अम्मा गेल्यापासून हे असंच आहे," तो म्हणाला. "काही विचारलं की गप्प. काही सांगितलं की गप्प. सुनीतीने सहा महिने मागे लागून विचारलं तुम्हाला. तेव्हा नाही म्हणायचं होतं ना! आज तिची इज्जत घालवायची, हीच वेळ मिळाली?"

अप्पांनी सुनीतीकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं होतं. मग ते उठले, चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आपल्या खोलीत गेले. दार लागलं.

सुनीती स्वयंपाकघरात परत आली. पातेल्यातला पाक दगड झाला होता. तिने त्यात पाणी ओतलं आणि चमच्याने टोचत बसली. डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यात रागच जास्त होता. मागून अत्ते आल्या.

"अत्ते, मला आधी सांगायचं होतं त्यांनी," सुनीती म्हणाली. "मी काय त्यांच्या पाठीमागे केलं का काही? चैत्रात नकाशे या टेबलावर पसरून दाखवले. पश्चिमेच्या खिडकीपाशी बोट ठेवून विचारलं त्यांनी, हें काय. म्हटलं कॉफी काउंटर. नाही म्हणाले असते तर मी कामच सोडलं असतं. पण ते म्हणाले, विचार आहे. नंतरही विचारलं. तेव्हाही तेच. मी कॉलेजात सांगितलं, अप्पा विचार करतायत, विरोध नाही त्यांचा. आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत नाव घातलं त्यांचं!"

"काय म्हणाला तो? नीट सांग."

"'मला बहुत विचार आहे, सुनीती.'"

"आणि तूं काय म्हणालीस?"

"म्हटलं, करा ना विचार. घाई नाही."

अत्तेंचा हात तोंडाशी गेला. "अय्यो. अय्यो, पोरी."

"काय झालं?"

"असें म्हणालीस तूं त्याला? करा म्हणून?"

"मग काय म्हणणार?"

अत्ते खाली पाटावर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून कधी खाली न बसणारी बाई. "आमच्यांत विचार म्हणजे तें नव्हे गं. डोक्यानें करतात तें नव्हे. त्याला आम्ही योजना म्हणतों. विचार म्हणजे दुःख. माणूस मेलें, घर सुटलें, त्याचा विचार असतो. तमिळांतही विसारम् म्हणतात नव्हे काय? तो तुला सांगत होता, मला बहुत दुःख आहे."

सुनीतीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

या घरातले शब्द तिला आधीही चकवून गेले होते. पहिल्याच आठवड्यात अत्तेंनी विचारलं, तुझ्या बहिणीचें कल्याण झालें काय? ती म्हणाली, हो, देवाच्या कृपेने सगळं चांगलं आहे. झालं! अख्ख्या घराने धाकट्या बहिणीचं लग्न झालं म्हणून पेढे वाटले, आणि बहीण तेव्हा अकरावीत. जेवताना अम्मा म्हणायच्या, निदानानें जेव. हिला वाटायचं, निदान जेव तरी, एवढी कशी वाळलीस, असं टोचून बोलतायत. चार दिवस रडली. मग कळलं, निदानाने म्हणजे सावकाश, शांतपणे. त्यावरून अम्मा इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला. असे कितीतरी शब्द तिने विचारून घेतले. पण 'विचार' कोण विचारून घेणार? ओळखीचं तोंड दिसलं की माणूस नाव विचारत नाही.

आणि मग तिला ते दुसरं आठवलं.

अम्मा गेल्या त्यानंतरचे दिवस. अप्पा बाल्कनीत बसून असायचे. ही कॉफी घेऊन जायची. काय करताय अप्पा? "विचार आहे गं." ही म्हणायची, बरं बरं, आणि बाल्कनीचं दार हळूच ओढून घ्यायची. बाहेर येऊन नवऱ्याला दटावायची, टीव्ही बारीक कर, अप्पा विचार करतायत. तिला मनापासून वाटायचं, वाचलेला माणूस आहे, आयुष्याचा काही हिशेब मांडत असेल, त्याला त्याचा एकांत द्यावा. किती जपलं म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, देवा!

मुलाशी अप्पा एरवी तमिळच बोलायचे, मुलीशी निम्मं इंग्रजी. अत्तेंसमोर रडायचे नाहीत, थोरला भाऊ ना. आईच्या भाषेत सांगण्यासारखं माणूस घरात एकच होतं. तिलाच त्यांनी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि ती दर वेळी बरं म्हणून दार लावून घेत राहिली.

"अत्ते," ती म्हणाली, "मी काय केलं हे?"

अत्तेंनी पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्याच पदराने तिचे.

अप्पांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते पलंगाच्या कडेला बसले होते. सुनीती आत गेली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. काय बोलायचं ते ठरवून आली नव्हती. फोन बाहेर पुन्हा वाजत होता, नारायणस्वामीचाच असणार.

"अप्पा, मला विचार आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "आतां काय बदलायचें म्हणतेस? राहूं दे. नकाशा चांगला आहे."

"नकाशाचा नाही. अम्मांचा."

आता त्यांनी पाहिलं.

"आणि तुम्ही मला सांगत होता तेव्हा मी दार लावून घेत होते, त्याचा. मला कळलंच नव्हतं अप्पा. आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मला वाटायचं तुम्ही काहीतरी ठरवताय. आत्ता अत्तेंनी सांगितलं. आई शप्पथ, मला माहीत नव्हतं."

ते तिच्याकडे वळून बसले.

"कळलें नव्हतें होय?"

"नाही."

"मला वाटलें, तुला नको आहे. कामाची पोर आहे, तिला कशाला म्हाताऱ्याचें रडगाणें. करा म्हणालीस, तर म्हटलें, बरें, एकट्यानें करूं."

सुनीतीला हुंदका आवरला नाही. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती रडली, आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला. या घरात अम्मा गेल्या त्या दिवशी सगळे रडले होते, पण ते आलेल्यागेलेल्यांच्या गर्दीत. अप्पांना असं रडताना तिने आज पहिल्यांदा पाहिलं. आवाज नव्हता. डोळे पुसताना कपाळाचं गंध भुवईत फिसकटलं.

"पश्चिमेच्या खिडकींत ती बसायची," ते म्हणाले. "आमचें लग्न झालें त्या वर्षापासून. दशमीला पूजा उतरली कीं पहिलें पुस्तक मी विमलाला द्यायचों. पहिलें पान तिनें वाचायचें, मग लायब्ररी उघडायची. प्रिन्सिपॉल असला तरी त्याला दुसरें. कोणतेंही पुस्तक दिलें तरी वाचायची. भूमिती दिली तरी. म्हणायची, पहिल्या पानाला विषय नसतो."

"आणि मग?"

"ती गेल्यावरही मी देतोंच. खुर्चीवर ठेवतों. एक फेरी मारून येतों, वाचून झालें असेल म्हणून." ते थांबले. "तुम्ही हंसाल."

"नाही हसणार."

"आज पूजा उतरली कीं हें संपलें. पुढच्या वर्षीं कोठें ठेवूं? काउंटरवर? म्हणून म्हटलें, उतरायचीच नाहीं. पूजेत आहे तोंवर तिचें पान वाचायचें राहिलें आहे. राहिलें म्हणजे संपलें नाहीं नव्हे?"

सुनीतीने डोळे पुसले. "मी काउंटर हलवते. जिन्याखाली घेता येईल. खिडकीत तशीच खुर्ची ठेवू. आजच सांगते त्यांना."

"नको."

"अप्पा, खरंच होईल ते. अवघड नाही."

"नको म्हटलें ना. काय म्हणून? पोरें येतील, त्यांना कॉफी पाहिजे. तिलाही पाहिजे असायची. फ्लास्कमध्यें लपवून आणायची, लायब्ररींत आणूं नये असा नियम मीच लावलेला." ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं आणि गेलं. "खुर्ची ठेवलीस तर लोक विचारतील कोणाची. मग तिच्या नांवाचा फळा लावाल. नको तें."

बाहेर श्रीवत्सचा आवाज येत होता. नारायणस्वामीला तो सांगत होता, माणसं परत पाठव, आज होणार नाही. अप्पांनी ऐकलं. वेष्टीच्या टोकाने तोंड पुसलं.

"त्याला सांग, पाठवूं नको म्हणावें. चल. माणसें उन्हांत उभीं आहेत."

"तुम्हाला नको असेल तर नका येऊ. मी सांगते सगळ्यांना. काम गेलं तर गेलं."

"आतां येतों," अप्पा म्हणाले. "तुला ठाऊक झालें ना? मग बस. एकट्याच्यानें होत नव्हतें."

दुरैसामी रोडवरच्या गर्दीतून गाडी कॉलेजकडे निघाली. श्रीवत्सने मागे वळून एकदा "अप्पा, मघाशी मी..." म्हणून सुरुवात केली, तर अप्पांनी "सरि, सरि, पुढें बघ, बस येते" म्हणून वाक्य तिथेच मिटवलं. अत्ते भावाशेजारी बसल्या होत्या. अबोला सुटला की नाही ते दोघांनाच माहीत, पण आपली पाण्याची बाटली त्यांनी त्याच्या हातात दिली आणि त्याने ती घेतली.

फुटलेल्या कोहळ्याच्या फोडी पायरीवर लाल कुंकवात पडल्या होत्या. नारायणस्वामी आणि त्याची माणसं बाजूला झाली. आत कालच्या फुलांचा वास होता, जुन्या कागदाचाही. अप्पांनी दिवा ओवाळला. पांढरं वस्त्र घडी करून श्रीनिधीच्या हातात दिलं. मग पुस्तकांच्या ढिगाला दोन्ही हात लावले. हात लागले आणि तिथेच राहिले. सगळे बघत होते. सुनीतीला वाटलं, होणार नाही हे यांच्याने. ती पुढे झाली नाही. शेवटी ढीग सरकला, उत्तरेकडे, जरासा.

वरचं पुस्तक त्यांनी उचललं. मधमाश्या कशा पाळाव्यात, असं काहीतरी जुनं इंग्रजी पुस्तक होतं. ते घेऊन पश्चिमेच्या खिडकीकडे गेले, खुर्चीपाशी थांबले, आणि मागे वळले.

"सुनीती. तूं वाच."

"मी? त्या खुर्चीत?"

"मग कोणाला सांगूं?"

ती बसली. खिडकीतून कडुनिंबाची फांदी दिसत होती. या जागेची मापं तिने किती वेळा घेतली होती, पण ही फांदी तिला आज दिसली. तिने पहिलं पान उघडलं आणि भरभर वाचायला लागली, रडू यायच्या आत संपवावं म्हणून.

"निदानानें," अप्पा म्हणाले. "निदानानें वाच."

या वेळी तिला बरोबर कळलं. ती सावकाश वाचत गेली. पेटी कुठे ठेवावी, वारा कुठून यावा, माश्यांना कशाची भीती वाटते. अप्पा डोळे मिटून उभे होते. पान संपलं तसं त्यांनी हात पुढे केला, पुस्तक घेतलं आणि नारायणस्वामीला मान हलवून खूण केली.

मग जे सुरू झालं ते कामच. माणसं कपाटांना भिडली, दोरीने गठ्ठे बांधायला लागली. कुणीतरी खिडकीतली खुर्चीही नेली. दुपारी अप्पा बाहेर आले तेव्हा झाडाखाली खुर्च्यांची रास होती, एकीत एक अडकवलेल्या, सगळ्या त्याच सागाच्या, त्याच वेताच्या. ते रासेभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी.

"कोणती होती गं?" त्यांनी विचारलं.

सुनीतीनेही शोधली. तिलाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी बाल्कनीत अप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी होते. सुनीती कॉफी घेऊन गेली, आणि आज दार न लावता स्टूल ओढून शेजारी बसली. खाली मांबलम स्टेशनकडे जाणाऱ्यांची वर्दळ होती. तिचा फोन वाजला. सांगलीहून आई.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" आई नेहमीसारखी मोठ्याने. "झालं का गं काम सुरू? मुहूर्त साधला ना?"

"झालं सुरू."

"मग आवाज का असा? बरं नाही का?"

"तसं काही नाही, आई." तोंडात जो शब्द आला तो तिने थांबवला नाही. दुसरा कुठला पुरला नसता. "विचार आहे."

"कसला विचार? नवीन काम घेतेयस की काय? हे बघ, कर, नीट विचार कर, घाई करू नकोस. मी मधे मधे बोलत नाही. ठेवते हं."

फोन बंद झाला. सुनीती तो हातात धरून बसली.

"कोण?" अप्पांनी विचारलं.

"आई."

"काय म्हणते?"

"कर म्हणाली."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला टंबलर कठड्यावर ठेवला, आणि खुर्ची थोडीशी तिच्याकडे सरकवली.

"सांग," ते म्हणाले.